त्याने आवळलेले बोल्ट

"दाबा वहिनी. धरा."

"धरलंय."

"सोडा."

वहिनी गाडीत बसून ब्रेकचं पेडल दाबत होती. पुढची चाकं काढून दीर तिथे आडवा झाला होता. हातात पाना, नळीचं टोक बाटलीत. सकाळपासून दोघं ब्रेकमधली हवा काढत होती, आणि पेडल अजूनही ओल्या उशीसारखं खाली जात होतं.

गाडी तिच्या नवऱ्याची. दिवसभर तो कारखान्यात लेथवर उभा राहायचा आणि संध्याकाळी या शर्यतीच्या गाडीशी संसार थाटायचा. "माझी सवत," ती म्हणायची. पण हवा काढायची म्हटलं की पेडलवर पाय तिचाच. तो खालून हाक द्यायचा, ती वरून ओ द्यायची. शेवटच्या आजारपणातच त्याने पुढच्या चाकांना ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे पकडणारे नवे कॅलिपर बसवले. प्रत्येक बोल्ट आवळून त्यावर नेहमीसारखी पिवळी रेघ ओढली, म्हणजे बोल्ट सैल झालाच तर रेघ तुटलेली दिसावी. "हवा उद्या काढू," म्हणाला आणि त्या रात्रीच गेला.

तेव्हापासून भांडी घासता घासता तिला "धर" असं ऐकू यायचं आणि उजवा पाय आपोआप ताठ व्हायचा. आपल्याला वेड लागतंय, अशी तिला भीती वाटे. हे ऐकू यायचं थांबेल, ही भीती त्याहून मोठी होती. शेवटी तिनेच दिराला सांगितलं, गाडी घेऊन जा.

"जाऊ दे वहिनी," दीर कपडे झटकत उठला. "चाकं चढवून हळूहळू चालवत नेतो. दादाने बसवलंय, त्यात खोट निघायची नाही."

ती खाली उतरली. चाकाच्या जागी वाकून पाहिलं. हवा बाहेर सोडायचं निपल कॅलिपरच्या तळाशी होतं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. हवा वर पळते, म्हणून निपल वर हवं, हे त्याने तिला इतक्यांदा ऐकवलं होतं की तिचे कान किटले होते. आणि त्यानेच डावा कॅलिपर उजवीकडे बसवला होता, उजवा डावीकडे.

गप्प बसलं तर त्याच्या हातचं शेवटचं काम तसंच राहिलं असतं. पण दिराने चाक उचललं होतं.

"भाऊजी, थांबा. अदलाबदल झालीय. निपल खाली आहेत."

दिराने वाकून पाहिलं. दुसऱ्या बाजूलाही जाऊन पाहिलं. "दादा? दादाकडून असं होणं शक्यच नाही."

"हात थरथरत होते हो त्यांचे. औषधाने डोळे मिटत होते. तरी कुणाला हात लावू देतील तर शपथ!"

"मी नाही खोलणार, वहिनी." पाना त्याने जमिनीवर ठेवला.

"मग मी खोलते."

बोल्ट मरणाचा आवळला होता. उभं राहायचीही ताकद नव्हती तेव्हा हा जोर त्याने आणला कुठून? तिने सगळं अंग पान्यावर टाकलं. कट्ट आवाज झाला आणि पिवळ्या रेघेचे दोन तुकडे झाले. तिला हुंदका फुटला, पण पाना तिने सोडला नाही. दुसऱ्या बोल्टाला दीर शेजारी येऊन बसला.

कॅलिपर आपापल्या जागी गेल्यावर ती पुन्हा पेडलवर बसली. या वेळी नळीतून बुडबुड्यांची माळच्या माळ निघाली. हळूहळू बुडबुडे विरळ झाले, मग नुसतं स्वच्छ तेल येऊ लागलं. पेडल आता दगडासारखं घट्ट लागत होतं. एवढे दिवस कोंडलेलं सगळं त्या बाटलीत गेलं होतं. ती कान देऊन बसली. काहीच ऐकू आलं नाही.

"झालं वहिनी," खालून दिराचा आवाज आला. "सोडा आता."

"धरलंय," ती म्हणाली, आणि पाय तसाच ठेवला.