कोमोला जाऊन आलेल्या कुकरचा राग

मी एक जुना प्रेशर कुकर आहे आणि मी रागावलेला आहे. शिट्टी म्हणजे कुकरचा राग असं तुम्हाला वाटत असेल, तर मित्रांनो, ते मनातून काढून टाका. शिट्टी हे माझं काम आहे, राग निराळा. माणसांच्या तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या बाबतीत ते दोन्ही वेळच्या जेवणाआधी होतं आणि त्याबद्दल मी कधी कुरकुरलो नाही. माझा राग आहे गुरुनाथ नावाच्या एका सज्जन माणसावर. सज्जन म्हणतो, कारण सगळे तसंच म्हणतात.

एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून माझा जन्म झाला. तिथून मी नाशिकच्या भांडीबाजारात आलो आणि एका दुकानाच्या फळीवर बरेच दिवस धूळ खात बसलो. दिंडोरीकडच्या केरूनानांनी मला पसंत केलं. नाना द्राक्षबागायतदार. त्यांची लेक सरोज, तिच्या लग्नात मला रुखवतात मांडलं होतं. बायका येऊन माझं झाकण उघडून बघायच्या आणि नानांचं कौतुक करायच्या. मी तेव्हा नवाकोरा होतो, मलाही ते कौतुक आपलंच वाटलं.

सरोजचा नवरा गुरुनाथ रियाधला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होता. लग्नानंतर ती तिकडे गेली आणि तिच्या ट्रंकेतून मीही गेलो. आमचे दिवस तसे बरे चालले होते. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी रात्री मित्रमंडळी जेवायला यायची. वरणभातावर तुपाची धार पडली की पाहुणे डोळे मिटायचे. गुरुनाथ ताठ बसून सांगायचा, "आमच्याकडे बाहेरचं चालतच नाही. सगळं घरचं." हे सगळं घरचं कोण करतं, ते विचारायची कुणाला आठवण व्हायची नाही. सरोज आत माझी रिंग धुवत असायची.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात दोघांनी इटलीला जायचं ठरवलं. मिलानला उतरायचं, भाड्याची मोटार घ्यायची, कोमोच्या तळ्याकाठी राहायचं आणि मग दक्षिणेकडे उतरून द्राक्षांच्या टेकड्यांत फिरायचं. त्या टेकड्यांवरच सरोजचा जीव अडकला होता. नानांनी ट्रंककॉल करून बजावलं होतं, "तिकडं वेली कशा बांधत्यात ते डोळ्यांनी बघून ये, पोरी. आपल्या वेली मांडवावर चढत्यात. त्यांचं काय, ते मला नीट सांग." लहानपणी नानांबरोबर बागेत छाटणीला जाणारी मुलगी ती. "बघते, नाना," म्हणाली, आणि पुढचे कितीतरी दिवस फुलून होती.

गुरुनाथ म्हणाला, "या खेपेला तुला पूर्ण आराम, सरोज."

निघायच्या आदल्या दिवशी त्यानेच मला आपल्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातलं. पोटात मुगाची डाळ, गोडा मसाला आणि लोणच्याची बाटली. सरोज बघतच राहिली. तो म्हणाला, "अगं, तिकडे आपल्याला खायला काय मिळणार? एकदा लावला की झालं." आराम तिचा, आणि तयारी तिच्या स्वयंपाकाची! लोक बायकोला फिरायला नेतात, यांनी कुकरला नेलं. मिलानच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझं झाकण उघडलं, लोणच्याचा वास घेतला आणि दोघांकडे बघून मान हलवली. मला भारी लाज वाटली.

कोमोकाठच्या घराला सज्जा होता, समोर सगळं तळं. सज्ज्यात गुरुनाथ बसायचा. स्वयंपाकघराची खिडकी मात्र मागच्या भिंतीकडे उघडायची, तिथे कचऱ्याचे डबे होते. इटलीत आम्ही दोघांनी काय पाहिलं, मी आणि सरोजने, तर ते डबे. बाहेरून हाक यायची, "सरोज, लवकर ये, बोट आली बघ." "डाळ लावलीय," ती आतून म्हणायची. गॅस बारीक करून हात पुसत ती सज्ज्यात पोचेपर्यंत बोट गेलेली असायची. माझी पहिली शिट्टी झाली तेव्हा घरमालकीण छातीवर हात ठेवून धावत वर आली. गुरुनाथने माझ्या वतीने तिची माफी मागितली. सरोजची मागायचं त्याला सुचलं नाही.

पुढे द्राक्षांच्या टेकड्यांत एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो. त्याने आपण होऊन सांगितलं, सकाळी चला, बाग दाखवतो. पण तिकडच्या पावाने गुरुनाथचं पोट बिघडलं होतं. त्याला मऊ खिचडी हवी होती. म्हणाला, "तू खिचडी लाव, मी जरा पुढे जाऊन बघून येतो." आणि गेलाही. माझ्या पोटात खिचडी रटरटत होती, पण माझा जीव चुलीमुळे उकळत नव्हता. तो परत आला तेव्हा बुटांना लाल माती लागलेली होती.

सरोजने विचारलं, "वेली कशा बांधल्यात हो?"

"कशा म्हणजे? तारेला. द्राक्षं ती द्राक्षं." आणि जेवायला बसला.

दुपारी मिलानकडे परत निघायचं होतं. मी डिकीत होतो. दोन्ही अंगांना बागाच बागा असाव्यात, कारण सरोज म्हणाली, "अहो, गाडी थोडी थांबवा ना. दोन मिनिटं उतरते."

"विमान चुकेल," तो म्हणाला. गाडी थांबली नाही. थंड कुकरला शिट्टीसुद्धा मारता येत नाही, मित्रांनो. त्या दिवशी मला ते फार कळलं.

रियाधला आल्यावर नानांचा फोन आला. सरोज फक्त एवढंच म्हणाली, "तारेला बांधतात, नाना." मग बराच वेळ नानाच बोलत होते.

थोड्याच दिवसांत इराकने कुवेत घेतलं. रस्त्यावर लष्कराच्या गाड्या आल्या, बँकेने सगळ्यांचे पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घेतले आणि भारतात जायचा विषय खलास झाला. जानेवारीत लढाई पेटली. विषारी वायूच्या भीतीने सरोजने बेडरूमच्या खिडक्यांना प्लास्टिक लावून कडेने चिकटपट्ट्या मारल्या. बँकेने गुरुनाथला मास्क दिला. बायकोसाठी नाही, तो फक्त कर्मचाऱ्याला.

एका संध्याकाळी मी गॅसवर असताना सायरन झाला. गुरुनाथ मास्क लावून बेडरूममध्ये गेला. सरोज पदर तोंडाला धरून उलट स्वयंपाकघराकडे धावली, कारण गॅस चालू ठेवून चालत नाही. तिने बटण फिरवलं आणि तेवढ्यात कुठेतरी मोठा धमाका झाला. भांडी खणखणली. ती ओट्याला धरून उभी होती. आतून मास्कमधून घोगरा आवाज आला, "सरोज, भात झाला होता का?"

मी असा धुमसत होतो की गॅस बंद होऊनही माझी एक शिट्टी झाली.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची सफूरा आली. ती आणि तिचा नवरा मुनाफ रत्नागिरीकडचे. सफूरा म्हणाली, "जेद्द्याला बलदमध्ये, तिथल्या जुन्या पेठेत, माझी नणंद आहे, सरोज. तिकडे बॉम्ब पोचत नाहीत. तिची एक खोली रिकामी आहे. आम्ही उद्या सकाळी निघतोय, तुम्ही पण चला." गुरुनाथने खटपट करून रजा मिळवली.

सकाळी दोन्ही गाड्या खाली उभ्या होत्या. गुरुनाथने मला टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवलं आणि शेजारी तांदळाची पिशवी ठेवली. अबाया घातलेली सरोज मागून आली. तिने टॉवेल ओळखला.

"हा काढा गाडीतून," ती म्हणाली.

"का गं? हजार किलोमीटर जायचंय. वाटेत सगळीकडे मटणच."

"खुबूसची रोटी मिळते, दही मिळतं, खजूर मिळतात. मी तेच खाणार."

"मला नाही चालत, तुला माहितेय."

"मग तुम्ही ठरवा. हा येणार असेल तर मी सफूराच्या गाडीत बसते. हा बरोबर असला की माझा प्रवास होत नाही, अहो, नुसता स्वयंपाक होतो. इटली माझी याच्यात शिजून गेली. नानांना सांगायला माझ्याकडे काही नव्हतं."

मुनाफ खाली वाकून उगाचच टायर बघू लागला. गुरुनाथ उभाच राहिला. त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच काहीतरी शिरत होतं, पण ते पुरतं शिरायची वाट सरोजने पाहिली नाही. तिने स्वतः मला उचललं, जिना चढून वर आणलं, ओट्यावर ठेवलं आणि दाराला कुलूप लावलं. खाली एकाच वेळी दोन्ही गाड्या सुरू झाल्या.

मित्रांनो, तो सगळा महिना मी त्या बंद घरात काढला. काचा थरथरायच्या, सायरन व्हायचे आणि मी तिच्यावर चरफडायचो. इतकी वर्षं मी तिच्यासाठी जळत होतो. तिच्या बाजूने त्याच्यावर दात खात होतो. आणि तिने हिशेब केला तेव्हा मला टाकलं त्याच्या बाजूला. किती वेळा मनात भांडलो तिच्याशी! पण प्रत्येक वेळी उत्तर तेच यायचं. कोमोला ती ज्याच्यापाशी उभी होती, तो मीच होतो. हे खोडून काढता येत नाही आणि म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

लढाई संपल्यावर ती परत आली, उन्हाने रापून. आईला फोनवर सांगत होती, "बलदहून समुद्रावर जायचो. मी दही-खुबूस घेऊन बसायचे. दुपारभर कुणी मला हाक मारली नाही." तिच्या आवाजात असं सुख मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

माझी रिंग वेळेवर बदला, शिट्टी साफ ठेवा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण ते तुमच्या घरी आई एकटीच करते, आणि तेच तर चुकतंय. म्हणून एवढंच मागतो. तुम्ही सगळे फिरायला निघाल तेव्हा मला, म्हणजे तुमच्या घरच्या कुकरला, ओट्यावर ठेवून दाराला कुलूप लावा. मी चिडेन, पण मला घरीच ठेवा.