गोंगाटातलं बोलणं

शुक्रवारी दुपारी लाइट गेली आणि सनाने दोन्ही वस्तू आजमावायला घेतल्या. दुकानदाराने त्या दोन दिवसांच्या बोलीवर दिल्या होत्या. अंगणात पेट्रोलचा जनरेटर, घरात पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरीची पेटी. तिच्या शिलाई मशीनला जी बरी पडेल ती ठेवायची.

जनरेटर सुरू झाला तसा घरभर खडखडाट माजला. अम्मीच्या कपाळावर आठ्या चढल्या, पण अब्बा खुलले. चाळीस वर्षं लूमवर, यंत्रमागांच्या खडखडाटात काढून अब्बांचे कान कधीच कामातून गेले होते. एरवी दिवसभर गप्प बसणारा माणूस, आज पटापट उत्तरं देत होता.

मग सनाने पेटी लावली. पंखा फिरला, मशीन चाललं, आवाज अजिबात नाही. अब्बा पुन्हा गप्प.

थोड्या वेळाने म्हणाले, "तो जनरेटरच ठेव."

बहिऱ्या माणसाला गोंगाट कशाला हवा? सनाला राहवेना. तिने पुन्हा जनरेटर लावला आणि या खेपेला माणसांकडे पाहिलं. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, म्हणून अम्मी अब्बांसमोर येऊन, तोंड नीट उघडून बोलत होती. लूमवर वाचायचे तसे अब्बा तिचे ओठ वाचत होते. शांततेत मात्र सगळे त्यांच्याकडे पाठ करूनच बोलायचे. सनासुद्धा.

तिने पेटीच ठेवली. भिंतीकडे तोंड करून असलेलं मशीन उचललं, अब्बांच्या खाटेसमोर मांडलं, आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी विचारलं, "चहा?"

"साखर जरा जास्त," अब्बा म्हणाले.