पहिल्या ट्रॅकवरचा माणूस

"हा माणूस पळतोय!" घड्याळजी ओरडले आणि त्यांनी कानावरचा हेडफोन ओढून काढला. "आधी चांगला सरळ वाजवतो आणि दुसऱ्या अंतऱ्याला शेपटीला आग लागल्यासारखा सुटतो. याच्याबरोबर वाजवायचं तरी कसं?"

बायको ओले हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने खोलीभर नजर फिरवली.

"कोण माणूस? इथे तर तुम्ही एकटेच आहात."

"पहिल्या ट्रॅकवरचा गं."

"आणि पहिल्या ट्रॅकवर कोण आहे?"

घड्याळजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मांडीवरच्या आपल्याच अ‍ॅकॉर्डियनकडे पाहिलं.

रेकॉर्डिंगचं यंत्र लेकीने पाठवलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं, पण त्यात आठ ट्रॅक. म्हणजे एकाच माणसाने आठ वेळा वाजवायचं आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आठ जण बसलेत. "बाबा, आता तुम्हाला कोणाची गरज नाही," असं लेक फोनवर म्हणाली, आणि ते घड्याळजींना मनापासून पटलं. कोणाची गरज लागावी असा त्यांचा स्वभाव मुळातच नव्हता. चाळीस वर्षं दुकानात भिंग लावून त्यांनी लोकांच्या वेळा दुरुस्त केल्या होत्या. यंत्राची माहितीपुस्तिका मात्र बायकोने वाचली. बटणंही तीच दाबायची, कारण यांचे दोन्ही हात अ‍ॅकॉर्डियनमध्ये अडकलेले.

यंत्रात तालाचा ठोकाही होता. बटण दाबलं की कानात टक टक सुरू. घड्याळजींनी पहिला ट्रॅक घेताना तो बंद ठेवायला लावला होता. ठोका त्यांना कोण शिकवणार? आता मात्र त्यांनी तो चालू करायला लावला आणि गाणं पुन्हा वाजवलं. संपल्यावर यंत्र बिघडलंय असं जाहीर केलं. मग मनगटावरचं घड्याळ समोर ठेवून यंत्राचा ठोका मोजला. तो चोख निघाला. शेवटी जिवाचा कान करून, ओठ घट्ट मिटून आणखी एकदा वाजवलं. पहिला अंतरा ठोक्याला चिकटून. दुसरा सुरू झाला आणि बोटं निघाली पुढे. हे यंत्रात जसंच्या तसं उतरलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको हसत म्हणाली. मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला.

दोघांच्याही मनात एकच माणूस आला होता. तिचा धाकटा भाऊ.

पूर्वी चौघांचा संच होता. एक गायक, एक क्लॅरिनेटवाला, अ‍ॅकॉर्डियनवर घड्याळजी आणि ड्रमवर मेहुणा. मेहुणा धंद्याने रंगारी, घरं रंगवायचा. अकरा वर्षं चौघांनी लग्नं, वाढदिवस, शाळांची संमेलनं गाजवली. मग एकदा भरल्या सभागृहात दुसऱ्या अंतऱ्याला गाणं कोसळलं. गायक अर्ध्या ओळीवर अडकला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. पडद्यामागे गेल्यावर घड्याळजींनी मेहुण्याला चारचौघांत झापलं. "तुला ठोका कळत नाही. तू आपला भिंती रंगव!"

"भाऊजी, मी ठोक्यावरच होतो," मेहुणा म्हणाला.

त्यावर बाकीचे दोघं पोट धरून हसले. घड्याळजीची वेळ चुकली आणि रंगाऱ्याची बरोबर, हे कोणाला पटणार? मेहुण्याने काठ्या खाली ठेवल्या त्या ठेवल्याच. बावीस वर्षं झाली, या घरात त्याने पाऊल टाकलं नाही. बायको एकटीच भावाकडे जायची, एकटीच परत यायची, आणि दोन्ही घरांत दुसऱ्याचं नाव काढायची नाही.

घड्याळजी यंत्राकडे बघत बसले. पुसून टाकायचं बटण कुठलं ते आता त्यांनाही कळलं होतं. एकदा दाबलं की काम तमाम. लाज वाटत होती, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे ती जास्तच टोचत होती.

"अगं," ते म्हणाले, "मीच पळतो."

"हं."

"तेव्हाही मीच पळालो असणार."

बायको खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचा तिला रागही आला.

"मला काय सांगता? मी बावीस वर्षं नुसत्या खेपा घालतेय. ज्याला सांगायचं त्याला सांगा."

"फोन लावू?"

"झापलं होतं ते फोनवर का?"

रविवारी सकाळी दोघं मेहुण्याच्या दारात उभे राहिले. मेहुणा स्टुलावर चढून स्वतःच्याच खिडकीचा जुना रंग खरवडत होता. त्याने बहिणीकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं.

"या," तो सावकाश खाली उतरत म्हणाला. "ताई, आज तुझ्याबरोबर सामान उचलायला माणूस आणलास वाटतं."

घड्याळजींनी वाटेत चांगलं भाषण तयार केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ! त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि हेडफोन पुढे केला. "हे जरा ऐक."

मेहुणा ऐकू लागला. शेजारी रंगाचा रिकामा डबा होता. त्याच्या झाकणावर त्याची बोटं आपोआप चालू लागली. खोलीत अ‍ॅकॉर्डियनचा आवाज नव्हता, फक्त बोटांचा. घड्याळजी त्या बोटांकडे बघत होते. थोड्या वेळाने बोटं भराभर पडायला लागली.

"अरे, तूही पळालास!"

मेहुण्याने हेडफोन काढला. "पळणारच. अकरा वर्षं तुमच्या मागून पळालोय. तुम्हाला एकटं कसं सोडणार?"

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी नाही पळालो. गायकाला खोकला होता. मला म्हणाला, आज दुसऱ्या अंतऱ्याला धरून ठेव, माझा दम पुरत नाही. मी धरलं. अकरा वर्षांत एकदाच धरलं."

"आणि मग तोही हसला?"

"सगळ्यात मोठ्याने. कामं तुम्ही आणायचात ना."

बायकोने तोंडाला पदर लावला होता.

"चूक माझी होती," घड्याळजी अखेर म्हणाले. आवाज मात्र दुकानातल्यासारखाच खणखणीत आला. "वाजवण्यातही माझी आणि बोलण्यातही माझी. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांत सांगायला तयार आहे."

"चारचौघं आता कुठून आणणार, भाऊजी? ते दोघंही गेले."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मग यात वाजव," घड्याळजी म्हणाले. "दुसऱ्या ट्रॅकवर. आणि मला सोडून दे. मी पळेन तिकडे पळू दे, तू ठोक्यावर राहा."

"तुमचं गाणं बिघडेल."

"बिघडू दे."

ड्रम कधीच विकला होता. मेहुण्याने दोन ब्रश घेतले, उलटे धरले आणि दांड्यांनी झाकणावर हलकेच वाजवून पाहिलं.

"कानात यंत्राचा ठोका देऊ का रे?" बहिणीने विचारलं.

"नको."

मेहुण्याने हेडफोन चढवला आणि तिने बटण दाबलं. सुरुवातीला त्याचं मनगट आखडलेलं होतं, मग सैल झालं. पाठ ताठ झाली. एका जागी त्याच्या कपाळावर आठी पडली, बावीस वर्षांपूर्वी पडली असेल तशीच, पण हातांची लय ढळली नाही. घड्याळजींना कळलं की आता दुसरा अंतरा सुरू झाला.

वाजवून झाल्यावर बायकोने यंत्राचा स्पीकर लावला आणि न सांगता ठोकाही चालू केला. तिघं ऐकत बसले. पहिला अंतरा झकास जमला होता. दुसऱ्यात अ‍ॅकॉर्डियन सुटलं आणि चुकीचं बटण लावलेल्या सदऱ्यासारखं सगळं गाणं एका बाजूला ओढलं गेलं. घड्याळजींचे कान तापले. बायकोने यंत्राकडे हात नेला.

"पुसू? परत घेऊ या?"

"हात लावू नकोस," घड्याळजी म्हणाले. "ऐकू दे मला."

अ‍ॅकॉर्डियन घाईघाईने शेवटाला पोहोचलं आणि थांबलं. गाण्याच्या मात्रा अजून उरल्या होत्या. मेहुणा मान खाली घालून बसला होता. स्पीकरमधून यंत्राचा ठोका येत राहिला आणि झाकणावरचा ठोका त्याच्यावर बरोबर पडत राहिला, इतका बरोबर की दोन वेगळे ऐकू येईनात. शेवटची मात्रा पडेपर्यंत कोणी हललं नाही.