फोटो नसलेला बोर्ड

शिराळ्यात फ्लेक्सचं दुकान चालवणारी जरिना आज नवऱ्यावर जाम भडकली होती. "फोटो फाइलच्या पोटात घाल म्हणून किती सांगायचं? तू आपला नुसता जोडून ठेवतोस. फाइल जाते सांगलीला आणि फोटो बसतो इथंच, आपल्या कॉम्प्युटरात!"

वजीरनं फाइल पुन्हा उघडून बघितली. इथल्या स्क्रीनवर फोटो झकास दिसत होता. सांगलीच्या प्रेसवाल्यानंही डोळे मिटून छापलं होतं. वर 'सेवापूर्तीनिमित्त सुभेदार वीरधवल यांचं हार्दिक स्वागत', खाली झाडून साऱ्या गावाची नावं आणि मधोमध पांढरी चौकट. मिरवणूक तर थोड्याच वेळात निघणार होती. दुसरा बोर्ड आणायला सवडच नव्हती.

तेवढ्यात वीरधवलची आई शालूबाई बोर्ड न्यायला आली. जरिनानं तो तिच्यापुढं उलगडला.

"मावशी, चूक आमची हाय. फोटोच आला न्हाई बघा."

शालूबाईनं त्या पांढऱ्या चौकटीवरून हात फिरवला. "थोरल्याचा बोर्ड तुमीच केल्ता न्हवं?"

जरिनाला तो श्रद्धांजलीचा बोर्ड आठवला. थोरलाही फौजेतच होता. त्याचा फोटो इतका हुबेहूब आला होता, की लोक बोर्डापुढं थबकायचे.

"व्हय, मावशी."

"तवा फोटु लय झ्याक व्हता, बाय. पोरगं न्हवतं." शालूबाईनं बोर्डाची गुंडाळी काखेत मारली. "ह्यो तर पायानं चालत येतोय. बांधते असाच."