रामवाडीचा गाळा

"प्रतिक्षा रामवाडीला गाळा बघून गेली," काशीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, आणि नूतनच्या हातातला ब्रश थांबला.

समोर पाटावर गणपतीची मूर्ती होती. एक डोळा झाला होता, दुसरा व्हायचा होता. पेणजवळच्या त्यांच्या जोहे गावात या कामाला आखणी म्हणतात. अंग रंगवणारे हात गावात पुष्कळ, आखणी करणारे थोडेच. काशीबाईंनी ती दोन्ही सुनांना शिकवली. थोरल्या नूतनला ती शिकायला काही वर्षं लागली, धाकट्या प्रतिक्षाला एक पावसाळा पुरला. पुढे प्रतिक्षाचा नवरा विशाल रोह्याला कंपनीत लागला आणि ती तिकडे राहायला गेली. तरी व्यापारी अजून पडवीत येऊन विचारत, "डोळे धाकट्या वहिनीच करणार ना?" अशा वेळी नूतन चहा ठेवायला आत जायची आणि त्यात साखर घालायची विसरायची.

"घेतलाय का तिने गाळा?"

"मला काय ठाव गो? फोनवर बघून आले एवढंच बोलली."

दुसऱ्या सकाळी नूतन मिनीडोरमध्ये बसून पेणला गेली. रामवाडीत महामार्गाला लागूनच तो गाळा होता. मालकीण पद्मजाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, वरच्याच मजल्यावर राहत. त्यांनी शटर उघडलं.

"काल एक बाई येऊन गेल्या," त्या म्हणाल्या. "वाटीत पाणी घेऊन जमिनीवर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. मला वाटलं, काही व्रतबित असेल. उद्या सांगते म्हणाल्या. वाटी मात्र विसरल्या."

वाटी कोपऱ्यात होती, स्टीलची, काठावर प्रतिक्षाचं नाव कोरलेली. नूतनला नवल वाटलं नाही. ही काशीबाईंची रीत. आखणीला बसायची जागा आधी पाण्याने तपासायची. जमीन हलत असेल तर पाण्यावर वर्तुळं उठतात, आणि जी जमीन पाणी हलवते ती ब्रशही हलवते. डोळ्याची बाहुली तांदळाच्या कणीएवढी सरकली, तरी देव तिरळा बघतो.

नूतनने स्वतः पाणी ठेवून पाहिलं नाही. प्रतिक्षाने तपासलं आहे, म्हणजे जागा चांगलीच असणार. बाहेर वाहतूक तुंबली होती, ट्रेलर जागच्या जागी उभे होते. गाळ्यात अगदी शांत वाटलं.

"त्यांचा निरोप येईपर्यंत थांबायला हवं मला," पद्मजाबाई म्हणाल्या.

"त्या माझ्या जाऊबाई. घरातलंच आहे."

वाक्य खरं होतं. ज्यासाठी ते वापरलं, ते तेवढं खरं नव्हतं. दोन दिवसांत करार झाला, नूतनने मशीनवर अंगठा टेकवला. वर्षभर गाळा सोडता येणार नाही अशी एक अट होती. ती तिने मोठ्या समाधानाने वाचली. वर्षभर ही जागा प्रतिक्षाला मिळणार नव्हती.

मग गावातल्या हिरामणच्या कारखान्यातून आखणीसाठी मूर्ती आल्या, रंगवलेल्या, डोळे नसलेल्या. नूतनने पहिली पापणी ओढायला घेतली आणि बाहेरून ट्रेलर गेला. रेघ भुवईला जाऊन भिडली. तिने पुसून पुन्हा ओढली. पुन्हा ट्रेलर. तेव्हा तिने तीच वाटी भरून जमिनीवर ठेवली. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली, विरली, परत उठली. आज महामार्ग मोकळा होता आणि पाणी काही केल्या स्वस्थ बसेना.

उद्या सांगते. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून जोह्यात असंच म्हणतात. नूतनने स्वतः कितीतरी जणांना हे सांगितलं होतं. पण प्रतिक्षाला हवी असलेली जागा वाईट असेल, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. ज्या हाताचा आपण इतका दुस्वास करतो, त्याच्यावर आपला स्वतःपेक्षा जास्त भरवसा आहे, हे तिला त्या वाटीसमोर बसून कळलं, आणि ती जास्तच चिडली.

काम बघायला आलेल्या हिरामणने भुवईला चिकटलेली पापणी पाहिली. "घरी नेऊन कर बाय. नायतर रोह्याला धाडतो सगळ्या."

तिने मूर्ती परत पडवीत नेल्या. पण काम पडवीत आणि भाडं रिकाम्या गाळ्याचं, म्हणजे हंगामाची सगळी मजुरी त्यातच जाणार होती.

"करार होऊन आठवडा नाही झाला," ती गाळा सोडायचं विचारायला गेली तेव्हा पद्मजाबाई म्हणाल्या. "तुमच्या जागी दुसरं कोणी आणा. मी तुम्हाला मोकळं करते."

कोणी मिळेना. शेवटी काशीबाईच म्हणाल्या, "रोह्याला जा. तिला इचार. तोंड झिजत नाय."

प्रतिक्षाच्या मागच्या खोलीत मूर्तींची रांग होती. नूतनला बघायचं नव्हतं, तरी तिने बघितलं. डोळे इतके निवांत होते, की तिने पदराने उगाच चेहरा पुसला.

"ताई, तो गाळा तुम्ही घेतलात?" प्रतिक्षाने कपाळाला हात लावला. "हलतो तो! मला विचारायचं तरी!"

"सांगितलं असतंस?"

"व्हय तर. का नाय सांगणार?"

ती सांगणार होती. नूतनला तेच सहन होईना. प्रतिक्षाने भांडायला जागाच ठेवली नव्हती.

"सुटायचंय मला त्यातनं," ती म्हणाली.

प्रतिक्षाने बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग म्हणाली, "मला द्या. आखणीला नको, विकायला. हायवेवरच दुकान हवंय मला. विकताना जमीन हलली तर काय बिघडतंय? माझ्या नावाचा मोठा बोर्ड लावते."

नूतनला तो बोर्ड दिसला. येता-जाता, प्रत्येक वेळी पेणला जाताना. नको, मीच ठेवते गाळा, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. मग तिला पडवीतल्या बिनडोळ्यांच्या मूर्ती आणि भाड्यात जाणारी मजुरी आठवली.

"तुम्ही आखलेल्या मूर्ती पण ठेवू ना तिथं," प्रतिक्षा म्हणाली.

"उद्या सांगते."

प्रतिक्षाला हसू फुटलं. "म्हणजे नाय?"

"गाळ्याचं व्हय. मूर्तींचं उद्या सांगते."

पद्मजाबाईंसमोर नूतनने प्रतिक्षाला किल्ली दिली, सही केली. संध्याकाळी पडवीत तिने जमिनीवर गाळ्यातली तीच वाटी ठेवली, पाणी भरलं आणि वाकून पाहिलं. पाणी काचेसारखं स्थिर होतं. तिने वाटी फिरवून कोरलेलं नाव भिंतीकडे केलं, आणि ब्रश उचलला.