बागेवरची हरकत

बाबा गेल्यापासून न्यूक मोयच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं, एवढंच.

मृत्युपत्राचा सगळा कारभार बाबांनी थोरली म्हणून तिच्याच गळ्यात घातला होता. पेनांग बेटावर, बालिक पुलाऊच्या डोंगरावरची दुरियानची, फणसासारख्या त्या काटेरी, उग्र वासाच्या फळाची, बाग विकायची आणि तिघा भावंडांत सारखी वाटणी करायची. मधली बहीण मेलबर्नला. धाकटा आ लोय मात्र बागेतच राहायचा. बाबांच्या मागे मागे खतं घाल, फांद्या छाट, हंगामात पडणारं फळ झेलायला झाडांखाली जाळ्या बांध, यातच त्याची पन्नाशी आली.

न्यूक मोयनं गिऱ्हाईक पाहिलं, बोली पक्की केली, आणि मग जमीन कार्यालयातून कळलं की आ लोयनं वारस म्हणून बागेवर हरकत नोंदवली आहे. ती उठेपर्यंत बाग कुणाच्या नावावर होणार नव्हती.

तिनं फोन लावला. "हे काय केलंस रे?"

"केलं."

"अरे पण का?"

"माझ्या वकिलाला विचार," म्हणत त्यानं फोन ठेवला.

तिनंही पुन्हा लावला नाही. हरकत उठवण्याचा अर्ज करायला ती परमेश्वरी वकीलबाईंकडे गेली. कागद पुढे सरकवताना बाई थबकल्या. "सख्ख्या भावाविरुद्ध अर्ज करताना लोक निदान दोन शिव्या तरी देतात. तुम्ही ठीक आहात ना?"

"सही कुठे करू?" न्यूक मोयनं विचारलं.

पेनांगच्या कोर्टात फार वेळ लागला नाही. मयताची देणी फिटून वाटणी होईपर्यंत अमुक जमीन माझी, असं कुठल्याच वारसाला म्हणता येत नाही, न्यायाधीश म्हणाले. कारभार नीट व्हावा, एवढाच त्याचा हक्क. हरकत उठली. न्यूक मोय वाट पाहत बसली. आता सुटल्यासारखं वाटेल, नाहीतर राग येईल. एसीच्या वाऱ्यानं पाय गार पडलेत, तेवढंच तिला कळलं.

बाहेर पायऱ्यांवर आ लोय उभा होता.

"ताई, जेवलीस?"

"नाही."

"चल मग."

कोपऱ्यावरच्या दुकानात दोघं शेवयांचे वाडगे घेऊन बसली.

"जिंकलीस," तो म्हणाला.

"मी कसली जिंकतेय. बाबांनी सांगितलं ते करतेय."

त्यानं मिरचीची वाटी तिच्याकडे सरकवली. "बाबांनी वरच्या अंगाला कलमं लावली होती ना, ती यंदा पहिल्यांदा फळाला आलीत. त्यांचं फळ पडेपर्यंत थांबायचं होतं. एक हंगाम."

"एवढ्यासाठी कोर्ट?"

"एवढ्यासाठीच."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? मी थांबवला असता सौदा."

"तू विचारलंस कुठे? सौदा ठरवून मग कळवलंस. परक्या भाडेकरूला कळवावं तसं."

हे लागायला हवं होतं. वाडगा उचलून ती रस्सा प्यायली. मग तिथूनच गिऱ्हाइकाला फोन केला. तो गोड बोलला, पण हटला नाही. "बाई, यंदाचं फळ बघूनच तर मी बोली लावली."

"नाही म्हणतोय," तिनं भावाला सांगितलं.

"बरं," आ लोय म्हणाला आणि उरलेल्या शेवया संपवू लागला.

महिन्याभरात बाग नव्या मालकाच्या नावावर झाली. त्यानं आ लोयला पगारावर राहा म्हटलं. आ लोय नको म्हणाला आणि शहरात एका गॅरेजवरची खोली घेऊन राहिला.

हंगाम भरात आला तेव्हा एका रविवारी तो तिच्याकडे आला. दोघं चालत रस्त्याकडेच्या दुरियानवाल्याकडे गेली, स्टुलांवर बसली. दुकानदारानं फळ फोडलं.

"आपल्याकडचं असेल?" तिनं विचारलं.

आ लोयनं गर हुंगला, जिभेवर ठेवला. "नाही."

तिनंही खाल्लं. गोड होतं की कडवट, तिला सांगता आलं नसतं.

"अजून एक फोडायला सांगू?" त्यानं विचारलं.

"सांग," ती म्हणाली.