छप्पन्न अंजिरांचा मार

ऑलिव्हचा हंगाम ऐन भरात होता आणि शाळेशेजारच्या तेलघाण्यावर सकाळपासून गावातल्या बापांची वर्दळ होती. आत सी कद्दूर मास्तर भागाकार विचारत होते. या शाळेत बरोबर उत्तराचं बक्षीस ठरलेलं: चुकलेल्याला आडवं पाडायचं आणि मास्तर त्याच्या तळव्यांवर छडी ओढत असताना पाय घट्ट धरून ठेवायचे. पाढे साऱ्या मुलांना तोंडपाठ होते. तेच पाढे भागाकाराला कामी येतात, हे मात्र मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं. तूदाने ते आपलं आपण हेरलं. म्हणून रोज कुणाचे तरी पाय बिचारीच्याच वाट्याला यायचे.

“छप्पन्न अंजिरं, आठ जणी. एकीला किती?” मास्तरांनी यामनाला विचारलं.

यामना तूदाची जिवाभावाची मैत्रीण. भीतीने तिची बोबडीच वळली.

“तूदा?”

“सात, मास्तर.”

“शाबास. धर पाय.”

तूदाने धरले. यामना किंचाळली. थोड्याच वेळात कातडी फुटली.

“यामने, आठाचा पाढा म्हण गं!” तूदा कळवळली. “छप्पन्न आले की थांब!”

“आठ एके आठ... आठ दुणे सोळा...” हुंदके देत ती म्हणत गेली. छडी थांबली नाही. “आठ साती छप्पन्न! सात, मास्तर, सात!”

“भागाकार विचारलाय मी! पाढ्यातून उत्तर चोरतेस होय?”

पुन्हा छडी कडाडली. रक्त तूदाच्या बोटांवर उडालं. तिने पाय सोडून दिले.

“धर!”

“नाही धरणार. तिचं उत्तर बरोबर आहे.”

थोबाडीत अशी बसली की तूदाचा ओठ फुटला. मग मास्तरांनी थोराड बास्सूला बोलावलं. तो उठला, यामनाचे तळवे पाहिले आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसला. त्यालाही झोडपलं, शेजारच्यालाही. तरी कुणी पुढे येईना, आणि एका हाताने पाय नि दुसऱ्याने छडी, हे काही त्या राक्षसाला जमेना.

तूदा धडपडत खिडकीशी गेली. “बाबा!”

घाण्यावरून बापाने तिचं रक्ताळलेलं तोंड पाहिलं आणि हसून ओरडला, “मास्तर, हात आखडू नका! आमची म्हणून सोडू नका हं!”

घाण्यावरचे सगळे हसले. त्यांत यामनाचाही बाप होता.

तूदा वळली आणि यामनाला पाठीशी घालून जमिनीवर बसली.

“मारायचंच असेल, तर पाय धरायला त्यांना बोलवा, मास्तर,” ती म्हणाली. “आम्ही नाही धरणार.”